हाडीमाशी खिळा

एखादी सवय माणसाच्या हाडीमाशी खिळली आहे, असे आपण सहज बोलून जातो. जातिवंत शिक्षक असला तर तो हाडाचा शिक्षक. कुणी संसारासाठी झिजला तर त्याने हाडांची काडे केली. माणसात जे पक्के आणि न बदलणारे, ते त्याच्या हाडात असते, असा आपल्या भाषेचा समज दिसतो. मात्र हे बोलताना हाडात खरोखरीचा खिळा ठोकण्याचा विचार कुणाच्या मनात नसतो. तो विचार अमलात यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आणि असा खिळा मारल्यावर हाडाच्या बळाचे काय होते, हे नीट मोजायला १९७० साल. मधल्या काळात माणसाने आगगाड्या धावडवल्या, आगबोटी बांधल्या, आकाशात विमाने उडवली. आणि हाडातल्या एवढ्याशा भोकाचे कोडे सुटायला या साऱ्यांची मदत व्हावी लागली. त्याची ही हकीकत आहे.

विषय फराळाच्या ताटाशेजारी वाचण्याजोगा आहे का, अशी शंका वाचकांना येईल. पण मोटारसायकली वाढल्यापासून ‘पायात रॉड आहे’, ‘हातात प्लेट आहे’ असे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक आळीत सापडतो. शिवाय ‘दिवाळीची सुट्टी आहे, तेवढ्यात प्लेट काढून घेऊ, सुट्टी संपली की कामावर हजर’ असे बेत याच दिवसांत घरोघरी रचले जातात. त्या बेतात एक खोच आहे, आणि ती ध्यानात येण्यासाठीच हा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात सुताराच्या कामठ्यापासून करू. आमच्या वेळापुरात आता ट्रॅक्टर झाले, तरी बैलांचे जू पाहिले नाही असा माणूस निदान माझ्या पिढीत नाही. जुवाच्या दोन्ही टोकांना भोके पाडून त्यांत शिवळा घालतात, आणि दोन शिवळांच्या मध्ये बैलाची मान येते. हे जू कधी मोडले, तर ते बहुधा शिवळीच्या भोकापाशीच मोडते. गावातल्या एका वृद्ध सुतारबाबांना मी एकदा विचारले, “बाबा, भोकामुळे लाकूड जाते तरी किती? मूठभर भुसा. मग एवढे बळ कसे कमी होते?” ते म्हणाले, “मास्तर, भुसा किती गेला ते बघू नका. राहिलेल्या लाकडावर भार कसा पडतो ते बघा.” गिरमीट चालवताना ते दोन भोके एका रेषेत जवळजवळ येऊ देत नसत, कडेला खेटून भोक पाडत नसत, आणि चौकोनी भोक पाडायची वेळ आली तर पटाशीने त्याचे कोपरे किंचित गोल करत. हे तीनही नियम पुढे मोठमोठ्या इंजिनिअरांनी गणिताने सिद्ध केले. बाबांनी ते मोडलेल्या जुवांवरून शिकून घेतले होते.

आपल्या जुन्या वैद्यांनी हाडाला भोक पाडण्याच्या फंदात पडण्याचे कटाक्षाने टाळले. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतल्या लांब हाडांना नाव दिले आहे ‘नलक’, म्हणजे नळीसारखे. मांडीचे, पोटरीचे, दंडाचे हाड आतून पोकळ असते, हे त्या नावातच आले. मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार त्या ग्रंथात आहेत. उपचारासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली आणि वेळूच्या कामट्या बांधायला सांगितल्या आहेत. मांडी किंवा पोटरी मोडली तर रोग्याला फळीवर निजवून पाय हलू नये म्हणून पाच ठिकाणी खुंट्या ठोकण्याची युक्तीही तिथे आहे. मात्र खुंट्या ठोकायच्या त्या फळीत, हाडात नव्हेत. गावोगावचे हाडवैद्य परवापरवापर्यंत बांबूच्या कामट्या बांधत आले, ते याच परंपरेने.

या सावधपणाला कारण होते. कातडी उघडून हाडापर्यंत पोचायचे म्हणजे पू, ताप आणि बहुधा मृत्यू, असा अनुभव साऱ्या जगाचा होता. जोसेफ लिस्टरने १८६७ साली जंतुनाशक शस्त्रक्रियेची आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा हे दार किलकिले झाले. दहा वर्षांनी, १८७७ साली, लंडनमध्ये त्याने मोडलेल्या गुडघ्याच्या वाटीला भोके पाडली आणि तिचे तुकडे चांदीच्या तारेने बांधले. १८८६ साली हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान या सर्जनने लांब हाडाच्या दोन तुकड्यांवर धातूची पट्टी ठेवून ती स्क्रूंनी आवळल्याचा वृत्तांत दिला. १८९५ साली राँटगेनच्या क्ष-किरणांचा शोध लागला आणि कातडीआडचे हाड, त्यावरची पट्टी आणि त्यातली भोके डोळ्यांना दिसू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये आर्बथनॉट लेन आणि बेल्जियममध्ये आल्बँ लाँबॉट यांनी पट्ट्यांचे काम पुष्कळ पुढे नेले. स्वित्झर्लंडच्या श्टाइनमानने १९०७ साली हाडातून आरपार सळई घालून तिला वजन बांधण्याची रीत काढली. सरकारी इस्पितळात पाय उंच टांगलेला आणि दोरीच्या टोकाला विटा लोंबत असलेला रोगी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या नडगीच्या वरच्या टोकातून आरपार गेलेली सळई ती हीच.

या सगळ्यांच्या मनात चिंता होती ती पुवाची, आणि धातू गंजण्याची व तुटण्याची. भोक पडलेल्या हाडाचे बळ किती उरले, हा प्रश्न मात्र कुणी मोजून पाहिला नव्हता. हाड बलवान असते एवढे ठाऊक होते, आणि ते का बलवान असते हेही ठाऊक होते. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात वेताची काडी आणि पक्ष्याचे हाड यांचे उदाहरण देऊन दाखवले होते, की तेवढ्याच वजनाच्या भरीव दांड्यापेक्षा पोकळ नळी वाकायला अधिक कठीण जाते. वाकताना किंवा पिळवटताना सगळा ताण बाहेरच्या अंगाला येतो आणि मधल्या गाभ्याला फारसे काम उरत नाही. म्हणून निसर्गाने माल बाहेर ठेवला आणि आत मगज भरला. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की नळीला भोक पडते ते नेमके जिथे सगळे काम चालते त्या भिंतीतच.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाकडून आले नाही. ते आले लोखंडाच्या कामातून. आगगाडीच्या रुळांचे तुकडे एकमेकांना जोडायला १८४७ साली इंग्लंडात विल्यम ब्रिजेस ॲडम्सने एक जोडपट्टी काढली. तिलाच आपण फिशप्लेट म्हणतो. दोन रूळ टोकाला टोक लावून ठेवायचे, दोन्ही बाजूंना पट्ट्या लावायच्या, रुळांना भोके पाडून बोल्ट घालायचे आणि आवळायचे. हान्समानने हाडावर ठेवलेली पट्टी आणि ही फिशप्लेट यांत तत्त्वाचा काही फरक नाही. आमच्या भागात १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपुराहून मिरजेपर्यंत जाऊ लागली आणि पुढे २०१० मध्ये तिथे मोठी लाइन झाली. त्या काळात रुळावर कान ठेवून गाडीची चाहूल घेणाऱ्या पोरांना सांध्यावरची ती पट्टी चांगली ओळखीची होती. रेल्वेच्या माणसांना मात्र तिची एक खोड ठाऊक होती. रूळ झिजतो वर, जिथे चाक फिरते तिथे. पण भेग पुष्कळदा सुटते ती खाली, बोल्टच्या भोकाच्या कडेपासून. म्हणून भोकांच्या जागा पुनःपुन्हा तपासाव्या लागतात, आणि शक्य तिथे सांधाच नको म्हणून रूळ वितळवून एकजीव करतात.

असे का होते, याचे गणित १८९८ साली अर्न्स्ट किर्श या जर्मन इंजिनिअरने मांडले. रुंद पत्रा दोन्ही टोकांना धरून ओढला आणि त्याला मध्ये एक गोल भोक असले, तर भोकाच्या दोन बाजूंच्या कडांवर ताण तिप्पट होतो, असे त्याने दाखवले. कल्पना करायला कठीण वाटत असेल तर भीमेच्या पात्रातला पुलाचा खांब डोळ्यांसमोर आणा. पाणी सरळ वाहत येते, खांब आडवा येतो, आणि त्याच्या दोन बाजूंनी ते दाटी करून खळाळत निघते. खांबापासून दूरच्या पाण्याला त्याची खबरही नसते. ताणाच्या रेषांचेही तसेच. भोकातून त्यांना जाता येत नाही, म्हणून त्या कडेला वळसा घालतात आणि तिथे त्यांची गर्दी होते. सुतारबाबांच्या म्हणण्याचा अर्थ हाच. नुकसान होते ते गेलेल्या भुशाने नव्हे. कडेवरच्या गर्दीने होते.

पुढे १९१३ साली केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिसने जहाजांच्या पत्र्यांचा अभ्यास करून दाखवले, की भोक लांबट असले आणि त्याचे टोक निमुळते असले तर ही गर्दी तिपटीवर थांबत नाही. टोक जितके तीक्ष्ण, तितकी ती वाढत जाते. म्हणून भेग एकदा सुटली की धावत सुटते, आणि म्हणूनच तिच्या टोकाला मुद्दाम एक गोल भोक पाडून तिला थांबवण्याची युक्ती कारागीर करतात. भोक हे रोगाचे कारण, आणि तेच औषधही! इंग्लिसने हे लिहिल्यानंतर चाळीस वर्षांनी जगाला त्याची भयंकर प्रचीती आली. कॉमेट हे प्रवासी वाहतुकीसाठीचे पहिले जेट विमान. १९५४ च्या जानेवारीत एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये दुसरे नेपल्सजवळ समुद्रावर हवेतच फुटले. इंग्लंडमधल्या फार्नबरो येथे एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुनःपुन्हा दाब भरून पाहिला, तेव्हा चौकोनी खिडकीच्या कोपऱ्याजवळून पत्रा फाटला. एल्बाजवळ समुद्रातून काढलेल्या छताच्या तुकड्यावरही भेगेची सुरुवात अशाच एका चौकोनी कापाच्या कोपऱ्याशी, रिव्हेटच्या भोकाजवळ सापडली. त्यानंतर विमानांच्या खिडक्यांचे कोपरे गोल झाले. पटाशीने कोपरे गोल करणारे सुतारबाबा मला त्या वेळी आठवल्यावाचून राहिले नाहीत.

आता हाडाकडे परत येऊ. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जनांनी एकत्र येऊन हाडे जोडण्याच्या शस्त्रक्रियेला शिस्त लावणारी एक मंडळी स्थापन केली. जगभर ती ‘ए ओ’ या दोन अक्षरांनी ओळखली जाते. स्क्रू किती जाडीचा, भोक किती मापाचे, पट्टी किती लांब, सगळ्याची मापे ठरली. मोठ्या हाडासाठी ४.५ मिलिमीटर जाडीचा स्क्रू रूढ झाला. पट्ट्या बसवण्याचे प्रमाण वाढले, तशा काढण्याच्या शस्त्रक्रियाही वाढल्या, आणि मग सर्जनांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. मूळ मोडलेली जागा उत्तम जुळलेली, पट्टीही निघालेली, आणि थोड्याच दिवसांत लहानशा निमित्ताने तेच हाड पुन्हा मोडलेले. पण ते मोडले होते जुन्या जागी नव्हे. स्क्रूच्या रिकाम्या भोकातून.

१९७० साली अमेरिकेतील ब्रूक्स, बर्स्टाइन आणि फ्रँकेल यांनी या गोष्टीचा हिशेब मांडला. त्यांनी कुत्र्याच्या मांडीची हाडे घेतली, त्यांत २.८ आणि ३.६ मिलिमीटरची भोके पाडली आणि ती यंत्रात पिळून मोडली. पिळून का, तर मोटारसायकलवरून पडताना किंवा चिखलात पाऊल रुतून अंग फिरते तेव्हा लांब हाड बहुधा पिळवटूनच मोडते. त्यांना असे आढळले, की अशा एका भोकाने, मोडण्याआधी धक्का पचवण्याची हाडाची शक्ती सुमारे ५५ टक्क्यांनी घटते. दोन्ही भोके, म्हणजे २.८ ची आणि ३.६ ची, जवळजवळ सारखीच घातक ठरली. भुसा किती गेला ते पाहू नका, हाच तो न्याय.

भोक कितीही बारीक असले तरी हाड असेच दुबळे होते काय? तसे झाले असते तर हाडाला सुईही टोचता आली नसती. किर्शचे गणित आदर्श पत्र्याचे होते. हाड काही तसा पत्रा नव्हे. हाडाच्या भिंतीत निसर्गाने स्वतःच रक्तवाहिन्यांसाठी असंख्य बारीक नळ्या ठेवल्या आहेत, आणि त्याच्या घडणीत चिवट तंतू व कठीण क्षार यांची अशी वीण आहे की बारीक भेग आत वळणे घेत थकून जाते. १९९० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एक उपयोगी माप दिले. भोकाचा व्यास हाडाच्या व्यासाच्या दहाव्या भागाइतका असेल, तर पिळवटण्याला तोंड देण्याच्या बळात लक्षात येण्याजोगी घट होत नाही. तोच पाचव्या भागाइतका झाला, की बळ सुमारे ३४ टक्क्यांनी उतरते. आता प्रौढ माणसाची नडगी मध्यावर साधारण २५ ते ३० मिलिमीटर जाड धरली, तर ४.५ मिलिमीटरचे भोक तिच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास पडते. निर्धास्त राहण्याची हद्द मागे पडलेली, आणि धोक्याची फार दूर नाही. आकाराविषयीही शोध झाले. तपासणीसाठी हाडाचा तुकडा काढायचा असेल तर चौकोनी खाच घेण्यापेक्षा गोलाकार टोकांची, हाडाच्या लांबीच्या दिशेने लांबट अशी खाच घ्यावी, तिने बळ अधिक शिल्लक राहते, असे १९७७ साली प्रयोगाने दिसले.

इथपर्यंत हाड आणि जू यांची गोष्ट सारखीच चालली. पण १९७२ साली बर्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या जिवंत हाडांवर जे पाहिले, तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. सशाच्या हाडात स्क्रू घातला की हाड ताबडतोब दुबळे झाले. पण स्क्रू तसाच ठेवून सुमारे आठ आठवडे जाऊ दिले, तेव्हा तो दुबळेपणा नाहीसा झाला होता. भोक तिथेच, स्क्रूही तिथेच. मग झाले काय? हाडाने कडेवरच्या गर्दीची दखल घेतली आणि जिथे ताण वाढला होता तिथे नवा माल आणून टाकला. बर्लिनच्या युलियस व्होल्फने १८९२ सालीच सांगितले होते, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली घडण बदलत असते. हाडात जुना माल खाणाऱ्या पेशी असतात आणि नवा माल घडवणाऱ्याही. दोघींचे काम जन्मभर चालू असते. वेठीला धरलेले लाकूड काही बोलत नाही. हाड मात्र स्वतःची डागडुजी स्वतः करते.

मग खोच कुठे आहे? ती इथे आहे. हाडाने आपली घडण सुधारली ती स्क्रू आत आहे असे धरून. तो स्क्रू ज्या दिवशी काढला, त्या दिवशी भोक पुन्हा मोकळे झाले आणि सशाच्या हाडाचे दुबळेपण परत आले. म्हणजे पट्टी काढल्यावर माणूस ‘मोकळा’ होतो असे आपल्याला वाटते, पण हाडाच्या दृष्टीने सर्वांत कठीण दिवस तोच. त्यातून पट्टी कडक असेल, तर ती असेपर्यंत बराचसा भार तिनेच उचललेला असतो. काम कमी झाले म्हणून तिच्याखालचे हाडही थोडे रोडावते. भोके एक नव्हे, सहा नाहीतर आठ असतात, आणि तीही एका ओळीत. सुतारबाबांनी ज्या गोष्टीला कधी होकार दिला नसता, ती सर्जनला नाइलाजाने करावी लागते.

आमच्या गावातलेच एक उदाहरण सांगतो. एका तरुण शेतकऱ्याची नडगी अपघातात मोडली होती. पट्टी बसवली, हाड जुळले, आणि दीड वर्षाने ती काढायची ठरली. त्याने वेळ निवडली ती ज्येष्ठातली. ज्ञानोबारायांची पालखी वेळापूर मुक्कामी येण्याआधी पाय मोकळा व्हावा, ही त्याची इच्छा. डॉक्टरांनी जखम शिवली आणि बजावले, “सहा आठवडे काठी वापरायची. धावायचे नाही, ओझे उचलायचे नाही, पाय मुरगळेल असे काही करायचे नाही.” टाके निघाले. पाय दुखेना. चालताना तर पट्टीच्या दिवसांपेक्षा हलके वाटू लागले. वेळापूरच्या अलीकडे वारकरी धावा करतात, म्हणजे पंढरी जवळ आल्याच्या आनंदाने दिंड्या उतारावरून धावत सुटतात. हाही त्यांच्याबरोबर सुटला. पावसाने माती ओली होती. पाऊल रुतले, अंग पुढे फिरले, आणि काडकन आवाज झाला. आम्ही त्याला उचलून नेले. क्ष-किरणांच्या फोटोत जुनी जोडलेली जागा अगदी शाबूत होती. नवी भेग सगळ्यात वरच्या भोकातून निघून नागमोडी खाली उतरली होती. त्याची आई डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होती, “साहेब, दुखतच नव्हतं हो त्याला. मग कसं मोडलं?” डॉक्टरांनी तिला समजावले, “आजी, भोक दुखत नसतं.”

साऱ्या गोष्टीचे मर्म त्या तीन शब्दांत आहे असे मला वाटते. वेदना हा आपला पहारेकरी; आणि इथे तोच झोपलेला असतो. जखमेचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात, म्हणून आपण हिशेबही तेवढ्याच दिवसांचा धरतो. पण कातडीचे पंचांग वेगळे आणि हाडाचे वेगळे. भोकात आधी रक्त साकळते, मग कोवळे हाड विणले जाते, मग ते हळूहळू पक्के होते. या कामाला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. वय, हाड कोणते, भोके किती, यावर ते अवलंबून असते आणि ते सांगणे डॉक्टरांचे काम. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पट्टी काढायला हरकत नाही. पण सुट्टी संपताच पोते उचलण्याचा बेत त्यात बसवू नये. प्रत्येक पट्टी काढावीच लागते असेही नाही. मोठ्या माणसाला तिचा त्रास नसेल, तर पुष्कळदा ती तशीच राहू देतात. काढायची का, हा प्रश्न ‘शरीरात लोखंड नको’ एवढ्या भावनेवर सोडवू नये.

भोक अटळ आहे, मग ते बारीक का ठेवू नये, असा विचार ज्याने केला त्याचे नाव गॅव्हरिल इलिझारॉव्ह. सैबेरियातल्या कुर्गान इथे १९५० नंतरच्या वर्षांत त्याने एक नवी रीत बसवली. मोडलेल्या पायाभोवती धातूची कडी, आणि त्या कड्यांतून हाडाच्या आरपार ताणून बसवलेल्या दीड ते १.८ मिलिमीटर जाडीच्या तारा; अगदी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. सायकलची एकेक आरी एवढीशी, पण ताणलेल्या साऱ्या मिळून माणसाचे ओझे पेलतात. इथेही तेच तत्त्व. नडगीच्या जाडीशी तुलना केली, तर असे भोक तिच्या दहाव्या हिश्श्याच्याही पुष्कळ खाली राहते, आणि तार काढल्यावर हाडाला भरून काढायला फारसे काही उरत नाही. रोगी कडी घालूनच चालतो, म्हणजे हाडाला भार मिळत राहतो आणि ते रोडावत नाही. पश्चिमेला या माणसाची खरी ओळख झाली ती १९८० नंतर, कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षे न जुळलेला पाय त्याने बरा केला तेव्हा.

ही रीत आपल्याकडे रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डॉ. जी. एस. कुलकर्णी मिरजेचे. त्यांच्या स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानाने देशभरच्या सर्जनांना ती शिकवली. मिरजेला ही गोष्ट शोभणारी आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे इस्पितळ उघडले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या सीमेवरची माणसे दुखणे घेऊन मिरजेची वाट धरत आली आहेत. मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी हात आणि लहान मुलांची वाकडी पावले यांसाठी बारीक तारा व हलक्या सळयांची एक सुटसुटीत रचना तयार केली. त्यांच्या आडनावावरूनच ती ‘जेस’ या नावाने ओळखली जाते. हाडाला शक्य तितके थोडे दुखवून त्याच्याकडून शक्य तितके काम करून घ्यायचे, ही दृष्टी या दोन्हीकडे दिसते.

आमचा तो तरुण दुसऱ्यांदा जुळून उठला तेव्हा पुढची वारी आली होती. या खेपेला त्याने धावा केला नाही. रस्त्याच्या कडेला काठी टेकून तो उभा होता आणि धावत येणाऱ्या दिंड्यांना पाणी देत होता. मी म्हटले, “काय रे, चुकल्यासारखं वाटतं का?” तो म्हणाला, “नाही सर. पांडुरंग अठ्ठावीस युगं एका जागी उभा आहे. मला डॉक्टरांनी तीनच महिने सांगितलेत.”

शिवळीपाशी मोडलेले जू मात्र त्याच्या घराच्या भिंतीला अजून टेकवून ठेवलेले आहे. ते कितीही दिवस तसेच ठेवले, तरी त्याचे भोक काही भरून येणार नाही.